टॅबिथा तळ्याचा लाल ठिपका

प्रिय अ‍ॅथॉल,

हे तुला रोवेना वाचून दाखवील, रविवारी, जेवण झाल्यावर. तुझ्या नजरेच्या मधोमध आता भोक पडलंय आणि तुला फक्त कडा दिसतात, असं ती सांगते. आयुष्यभर तुला कडांचंच कौतुक होतं, तेव्हा फार बिघडलं नसावं. ऐकताना मध्ये बोलू नकोस. एरवी तू बोलत नाहीसच, पण या वेळी तुला बोलावंसं वाटेल, म्हणून आधीच बजावते. आणि रोवेना, तूही मध्ये थांबू नकोस. कुठे थांबावंसं वाटेल ते मला ठाऊक आहे. तिथून पुढेही वाच.

आपल्या हॉर्नर्स मार्शच्या इतिहास मंडळाला तुझे फोटो सभागृहात लावायचेत. एकोणतीस वर्षांचे, महिन्याला एक, आणि त्यांच्याखाली एप्रिलचे रंगीत. सोबत छापायला दोन पानी परिचय हवाय. तो मी लिहावा असं ठरलं, कारण मी शिकलेली आहे आणि अजून जिवंत आहे. सेक्रेटरीने फोनवर सहज विचारलं, रंगीत एप्रिल सगळे सापडले, एक अठ्ठ्याहत्तर सालचाच नाही, त्याचं काय झालं? मी म्हटलं, लिहून कळवते. म्हणून हे दोन पानांत मावणार नाही. त्यांना काय कापायचं ते कापू देत. तू मात्र सगळं ऐक.

आता परिचय.

अ‍ॅथॉल बेझविक हा पाऊस मोजणारा माणूस. वीजखात्याने वरच्या पठारावर चार ठिकाणी पाऊस मोजायची तांब्याची नळकांडी रोवली होती. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पायी जायचं, नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत टिपायचा, पाणी फेकून द्यायचं आणि पुढच्या नळकांड्याकडे चालू लागायचं. शेवटचं आणि सगळ्यांत लांबचं नळकांडं टॅबिथा तळ्यावर. मातीचा रस्ता संपतो तिथून पुढे चांगले तीन तास चालायचं, तेही पावलागणिक ओलं गवत आणि चिखल. अ‍ॅथॉल ते अडीच तासांत जायचा आणि याचं त्याला काही वाटत नसे.

त्याच्या वडिलांचा एक घडीचा कॅमेरा होता, भाता उघडणारा. तो त्याने पहिल्याच वर्षी पाठीवर घेतला. मी एकदा विचारलं, पाऊस मोजायला कॅमेरा कशाला? तो म्हणाला, किती पडला ते वहीत येतं, पडल्यावर कसं दिसतं ते येत नाही. एवढं लांब वाक्य त्याने मला नंतर वर्षभर ऐकवलं नाही.

त्याची कामाची पद्धत अशी. नळकांड्याशेजारी एक सपाट खडक आहे. त्यावर त्याने खिळ्याने तीन खुणा कोरल्या होत्या, कॅमेऱ्याच्या तिवईच्या तीन पायांसाठी. तीच जागा, तीच उंची, तोंड पश्चिमेला. आणि उजेडाची वाट बघायची नाही. ज्या दिवशी आकडा, त्या दिवशी फोटो. ऊन असो, गारा असोत, नाहीतर धुकं असो. त्यामुळे त्याच्या संग्रहात असे कितीतरी कागद आहेत ज्यांवर काहीच नाही, नुसतं पांढरं. खाटीक स्टॅनली एकदा त्याला म्हणाला होता, अ‍ॅथॉल, हा फोटो आहे की धुतलेली चादर? अ‍ॅथॉल म्हणाला, "जून आहे तो." होबार्टहून कॅलेंडरवाला आला, त्याला तळ्यावरचा सूर्योदय हवा होता. अ‍ॅथॉलने त्याला सांगितलं की मी तिथे बारा वाजता पोचतो. कॅलेंडरवाला चहा पिऊन परत गेला.

काळे-पांढरे फोटो तो घरीच धुवायचा, मागच्या धुणीघरात, खिडकीला गोणपाट लावून, शनिवारी सकाळी. तिथे माझा संबंध आला. मी तेव्हा इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, आणि हा माणूस औषधं अंदाजाने मिसळतो हे कळल्यावर मला राहवलं नाही. तराजू घेऊन गेले. त्याने जागा करून दिली आणि तेव्हापासून मला प्रोफेसरबाई म्हणायला लागला. बाहेर त्याची बायको मेव्हिस ओल्या कपड्यांची टोपली घेऊन दारावर थापा मारायची. म्हणायची, "तुमची तळी धुऊन झाली असतील तर माझ्या चादरी धुवू का?" आत आम्ही दोघं ताटलीतल्या औषधात कागद हलवत असायचो आणि लाल दिव्यात हळूहळू तळं वर यायचं. आधी नेहमी उजवीकडचं शेंडा मोडलेलं पाइनचं झाड, मग डोंगर, मग पाण्यातला डोंगर. आमच्याकडच्या तळ्यांचं पाणी चहासारखं काळपट असतं, त्यामुळे पाण्यातला डोंगर वरच्यापेक्षा ठळक येतो. मी तो शेकडो वेळा ताटलीत पाहिला. प्रत्यक्ष टॅबिथावर मी आजतागायत गेलेली नाही. चिखल तुडवून देखावे बघायची मला हौस नव्हती. जे बघायचं ते अ‍ॅथॉल घेऊन येत होता.

रंगीत फिल्म वर्षातून एकदा. ती महाग, आणि घरी धुता येत नाही. पोस्टाने मेलबर्नला पाठवायची आणि महिनाभर वाट बघायची. ती एप्रिलसाठी राखलेली. आमच्या रानात पानं गाळणारं झाड एकच, फॅगस, आणि ते एप्रिलअखेर आठ-दहा दिवस सोनं होतं. गंमत अशी की काळ्या-पांढऱ्या फोटोत तेच सोनं पांढरंशुभ्र येतं, बर्फ पडल्यासारखं. कारण अ‍ॅथॉल ढग उठून दिसावेत म्हणून भिंगापुढे नारिंगी काच लावायचा. त्याच काचेमुळे सावल्या मात्र इतक्या काळ्या यायच्या की मोडक्या पाइनच्या मागे एक खिंड आहे हे त्या फोटोत कळतच नसे. ती फक्त रंगीत चित्रात दिसायची. ही गोष्ट लक्षात ठेवा.

रंगीत फिल्म धुऊन परत यायची ती छोट्या चौकोनी पारदर्शक चित्रांच्या रूपात, पुठ्ठ्याच्या चौकटीत. आमच्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरायला लागली. मी अ‍ॅथॉलला सांगितलं, शास्त्र म्हणतं की ही काचेच्या चौकटीत बसवायला हवीत. तो म्हणाला, बसव मग. श्याहत्तर सालच्या ख्रिसमसच्या सुट्टीत मी सगळ्या डब्या घरी आणल्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर एका दुपारी काम उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे. चित्र काचांमध्ये घालायचं आणि चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका लावायचा. तो ठिपका बघून पडद्यावर चित्र दाखवणारा चौकट यंत्रात कशी सरकवायची ते ठरवतो. ठिपक्यासाठी मेव्हिसने मला तिची नखं रंगवायची बाटली दिली होती. फिल्मला एक चकचकीत बाजू असते आणि एक मंद, त्यावरून सुलट-उलट ओळखायचं असतं. मला हे माहीत होतं. मी ते मुलांना शिकवलेलं होतं. पण शेजारी चाचणीचे पेपर पडले होते, आमच्याकडे तो ऐन उन्हाळा, उकडत होतं, आणि मला वाटलं, तळं ते तळं.

एक चौकट उलटी बसली. नेमकी टॅबिथाची, त्या वर्षीच्या एप्रिलची, सगळ्यांत सुंदर आलेली. डावं ते उजवं झालं.

फेब्रुवारीत दरवर्षीप्रमाणे सभागृहात अ‍ॅथॉलची चित्रं दाखवली. खिडक्यांना घोंगड्या, बायकांनी आणलेले अंड्याचे सँडविच आणि खोबऱ्यात घोळवलेले केक, पुढे पोरांचा गलका. यंत्राशी मी. अ‍ॅथॉलची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती: चित्रं चालू असताना तो पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि लोकांच्या तोंडांकडे बघायचा. म्हणायचा, तळं मी पाहिलंय, ही तोंडं वर्षातून एकदा बघायला मिळतात. त्यामुळे उलटं टॅबिथा पाच मिनिटं पडद्यावर होतं आणि ज्या एकट्या माणसाला ते उलटं आहे हे कळलं असतं, त्याची पाठ पडद्याकडे होती. गावातलं दुसरं कोणी तिथे गेलेलं नव्हतं. तसं म्हटलं तर त्याच तळ्याचा मोठा काळा-पांढरा फोटो पोस्टात खिडकीमागे टांगलेला होता, सरळ, अ‍ॅथॉलने स्वतः छापलेला. सगळं गाव तिकिटं घेताना रोज तो बघत होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. रोज बघितलेलं कोण बघतं?

अ‍ॅथॉल त्या चित्रावर दोनच वाक्यं बोलला. मोडक्या पाइनमागे खिंड दिसते आहे, तिच्यातून अर्ध्या तासावर जुन्या फासेपारध्यांची झोपडी आहे, चूल आहे, सुकी लाकडं रचून ठेवलेली असतात. कोणत्या हाताला ते तो बोलला नाही. चित्रात दिसतच होतं.

रोवेना फार्गर तेव्हा एकोणीस वर्षांची, माझी जुनी विद्यार्थिनी, पोस्टाच्या खिडकीत बसायची. तो काळा-पांढरा फोटो दिवसभर तिच्या पाठीशी असायचा. एप्रिलमध्ये ती शाळेत माझ्या प्रयोगशाळेत आली. म्हणाली, बाई, आमच्या पोस्टात ती झाडं पांढरी आहेत आणि पडद्यावर सोनेरी होती, मला खरी बघायचीत. दोन दिवसांची रजा काढलीय, एक रात्र झोपडीत राहून परत येईन. मी म्हटलं, जा की. मला आवडलं तिचं. मी डबीतून चौकट काढली, ठिपका खाली डावीकडे ठेवून खिडकीशी धरली, आणि तिने वहीत पेन्सिलीने चित्र काढून घेतलं: तळं, मोडका पाइन, खिंड, आणि खिंडीकडे बाण. डावीकडे.

ती गुरुवारी गेली. दुपारी पठारावर धुकं उतरलं आणि संध्याकाळी त्या हंगामाचा पहिला बर्फ पडला. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी सार्जंट हॅलम माणसं घेऊन नकाशाप्रमाणे झोपडीपर्यंत गेला. झोपडी रिकामी, चूल थंड, लाकडं जशीच्या तशी. त्याने कयास केला की पोरगी तळ्यापर्यंत पोचलीच नाही, धुक्यात पूर्वेच्या माळावर भरकटली. माळ मोठा आहे. चाळीस माणसं रविवारी तिकडे लावायचं ठरलं. अ‍ॅथॉल त्या आठवड्यात दुसऱ्या टोकाला नळकांडं दुरुस्त करायला गेलेला, तो शनिवारी संध्याकाळी परतला तेव्हा त्याला हे कळलं.

रविवारी सकाळी सात वाजता सगळे सभागृहात जमले. बायका किटल्या भरत होत्या. बाहेरगावच्या माणसांना वरचा मुलूख कसा आहे हे कळावं म्हणून सार्जंटने अ‍ॅथॉलची चित्रं दाखवायला सांगितलं. दुसरं होतं काय कोणाकडे? पुन्हा घोंगड्या लावल्या. यंत्राशी पुन्हा मी. त्या सकाळी अ‍ॅथॉलने लोकांकडे पाहिलं नाही. तो पहिल्यांदाच आमच्यासारखा पडद्याकडे तोंड करून बसला.

टॅबिथा आलं. तो उठला, पडद्यापाशी गेला, मोडक्या पाइनवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे उलटं आहे."

सार्जंट म्हणाला, कसलं उलटं? डोंगर वर, पाणी खाली. अ‍ॅथॉल बाहेर गेला. समोर पोस्ट, रविवारचं बंद. पोस्टमास्तरला हाक मारून त्याने भिंतीवरचा फोटो उतरवून आणला आणि पडद्याशेजारी धरला. एकात पाइन उजवीकडे, एकात डावीकडे. मग स्टॅनली म्हणाला, की रंगीत इतकं स्वच्छ आलंय, तर चूक त्या काळ्यातच असणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. लोकांना रंग दिसला की खरं वाटतं.

अ‍ॅथॉल म्हणाला, "तिथे मी दोनशे वेळा उभा राहिलोय, स्टॅन. पाइन माझ्या उजव्या हाताला असतो. पण माझ्या हाताचं सोडा. पोरीने कुठलं चित्र बघितलं?"

हे मलाच माहीत होतं. मी सांगितलं. ती माझ्याकडे आली होती, याच चौकटीवरून तिने वहीत चित्र काढलं, बाण डावीकडे होता. एवढं मी बोलले, मोठ्याने, सगळ्यांसमोर. एवढंच.

मग अ‍ॅथॉलने हिशेब मांडला, तो इतका साधा होता की मला आजही त्याचं नवल वाटतं. धुक्यात पाइन दिसला नसणार. तिने डावीकडची वाट धरली असणार. तळ्याच्या डाव्या कडेलाही एक खाच आहे, लांबून खिंडीसारखीच. पण तिच्यापलीकडे झोपडी नाही, दरी आहे, आणि अशी झुडपं की माणूस त्यांच्यावरून चालतो आणि मध्येच आत पडतो. तिथे नकाशाप्रमाणे कोणी जाणार नाही. चित्राप्रमाणेच जाणार. सार्जंट म्हणाला की चाळीस माणसं तुझ्या एका अंदाजावर मी वळवू शकत नाही. अ‍ॅथॉल म्हणाला, तीन पुरेत.

निघण्यापूर्वी त्याने यंत्रातून चौकट काढली, दाराच्या उजेडात धरली, कोपऱ्यातला लाल ठिपका पाहिला. सगळे बघत होते. तो म्हणाला, "ठिपका चुकलाय. घाईत लागला असेल माझ्याकडून." आणि चौकट माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तोंड उघडलं नाही. किटल्यांपाशी मेव्हिस उभी होती. बाटली तिचीच, ती कोणाला दिली होती हेही तिला ठाऊक. ती माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "बाटली परत कर माझी."

त्यांना ती दुपारी तीनच्या सुमारास सापडली. डावीकडच्या दरीत, एका पुढे आलेल्या खडकाखाली, तीन रात्री काढलेली. एक पाय झुडपांत अडकून मुरगळला होता, म्हणून ती तिथेच थांबली. शहाणी पोर. तिच्याजवळ अर्धा स्कोन पाव शिल्लक होता आणि वही. अ‍ॅथॉलबरोबर गेलेल्यांकडून ऐकून सार्जंटने मला नंतर सांगितलं की अ‍ॅथॉल खडकाखाली वाकून शिरला तेव्हा तिने पहिलं काय केलं, तर माफी मागितली, मी वाट चुकले म्हणून. आणि अ‍ॅथॉल तिच्या पायातला गोठलेला बूट सोडवत म्हणाला, "तू चुकली नाहीस. तू अगदी बरोबर आलीस. चित्र चुकलं होतं."

सार्जंट म्हणायचा, असा शोध मी दुसरा पाहिला नाही. माणूस कुठे असायला हवा ते सगळे शोधतात, याने चूक कुठे घेऊन जाईल ते शोधलं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅन्झॅक दिवसाचं, लढायांत पडलेल्यांच्या आठवणीचं संचलन होतं. सगळं गाव स्मारकापाशी उभं होतं आणि त्या वर्षी लोक रडले ते फक्त जुन्या लढायांसाठी नव्हे. रोवेनाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. ती अजून किंचित झुकून चालते.

पुढचं थोडक्यात. गावाने अ‍ॅथॉलला सोडलं नाही. पोरगी वाचली म्हणून पाठ थोपटली आणि चौकट उलटी बसवली म्हणून चाळीस वर्षं टिंगल केली. दारूच्या गुत्त्यात त्याला विचारायचे, बेझविक, ग्लास कुठल्या हातात आहे रे? फुटबॉलच्या मैदानावर कोणी चेंडू चुकीच्या बाजूला मारला की ओरडायचे, अ‍ॅथॉलने शिकवलं वाटतं. तो हसायचा. मीही तिथे असायचे, कधीकधी हसायचेसुद्धा. हेही लिहून ठेवते.

रोवेना पाय बरा झाल्यावर त्याच्यामागे लागली, मला सोबत न्या. मेव्हिस म्हणाली, ने तिला, नाहीतर ती पुन्हा एकटी जाईल आणि या खेपेला प्रोफेसरबाई नकाशा काढून देतील. अ‍ॅथॉल तिला घेऊन गेला. मग ती दर एप्रिलला जायला लागली, रंगीत कॅमेरा तिच्या पाठीवर. एक्याण्णव साली अ‍ॅथॉल निवृत्त झाला, नळकांड्यांच्या जागी आपोआप आकडे पाठवणारी यंत्रं आली, पण खडकावरच्या तीन खुणांत तिवई उभी राहायची थांबली नाही. मंडळ म्हणतं एकोणतीस वर्षांचे फोटो. त्यांना दुरुस्त करा म्हणावं. रोवेनाचे धरले तर बासष्ट होतात, आणि यंदाचा एप्रिल मी पाहिलाय. पाइन उभा आहे. शेंडा मोडलेलाच आहे, पण मोडल्या जागेखालून एक बाजूची फांदी सरळ वर निघाली आहे. रोवेना म्हणते, अजून शंभर वर्षांनी तो पुन्हा शेंडा म्हणवून घेईल.

परिचय संपला. आता पुन्हा तुझ्याशी, अ‍ॅथॉल.

पुढच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, एका शनिवारी, तू धुणीघरात मला फिल्मची पिवळी डबी दिलीस. त्याच खडकावरून, त्याच उजेडात काढलेलं टॅबिथा, म्हणजे त्या उलट्या चौकटीच्या जागी हे लावता येईल. म्हणालास, "प्रोफेसरबाई, हे पोस्टात टाक. धुऊन आलं की ठिपका तूच लाव."

एवढंच म्हणालास. दुसरा कोणी असता तर वर्षभर धुसफुसला असता, नाहीतर एकदाचं तोंडावर बोलला असता. तू मला पुन्हा तेच काम दिलंस. मला कळलं होतं ते. म्हणून तर जमलं नाही.

मी सोमवारी पोस्टात गेले. खिडकीत रोवेना. ती उठली, झुकत झुकत वजनकाट्याकडे गेली, आणि तिच्या पाठीमागे तो फोटो. मी तिकिटं घेतली आणि परत आले. बुधवारी गेले, एक पाकीट घेतलं. पुढच्या आठवड्यात तर दारातूनच वळले. तिने डबी हातात घेतली असती, मेलबर्नचा पत्ता वाचला असता, हसून विचारलं असतं, बाई, टॅबिथा का? आणि मला सांगावं लागलं असतं. शेजारच्या बोथवेल गावच्या पोस्टात टाकता आली असती, हे मला सुचलं नाही असं नाही. पण तोवर हिवाळा झाला, मग परीक्षा आल्या, मग इतका उशीर झाला की उशिराचंच कारण सांगावं लागलं असतं. तू कधी विचारलं नाहीस. त्याचा मला एके काळी राग यायचा. एकदा जरी विचारलं असतंस, तरी मी ओरडले असते तुझ्यावर आणि सगळं बाहेर आलं असतं.

रोवेना, वाचलंस ना? ठिपका मी लावला होता. अ‍ॅथॉलने नाही. तुझी दोन बोटं माझ्या घाईत गेली आणि माफी तू मागितलीस. आता मागायची पाळी माझी. रविवारी मी येतेच आहे, दाराबाहेर बाकावर बसेन. वाचून झालं की हाक मार, नाही मारलीस तरी मी चहाच्या वेळेपर्यंत तिथे आहे.

डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे. पिवळा रंग विटलाय, झाकण घट्ट आहे. ती फिल्म रंगात धुणारं ठिकाण आता जगात कुठेच उरलेलं नाही. ते औषधच करायचं थांबलं. पण मी वाचून काढलंय, आपलं जुनं काळ्या-पांढऱ्याचं औषध तिच्यावर अजून चालतं. सोनं पांढरं येईल, एवढंच. तराजू माझ्याकडे आहे, तुझं धुणीघर आता रोवेनाकडे आहे. औषधं मी मागवलीत, मंगळवारी पोचतील.

तरी पोस्टात टाकायचं तू सांगितलं होतंस, ते राहिलं.

हेस्टर